शालिकरामजींचं 'कायच्यानं'

"पाटील, हे तुमचं नव्हे."

नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. मी लाकडी पडद्याच्या अलीकडे, मला दाखवलेल्या स्टुलाच्या अगदी टोकावर बसले होते. पलीकडे एक शेतकरी उभा होता, आणि त्याच्यासमोर एक बारकेला माणूस हातात माचिसची डबी धरून त्याच्याकडे अतिशय दुःखानं पाहत होता.

"माहंच होय जी," शेतकरी म्हणाला.

"नव्हे. हे कोन्या तब्येतदार मानसाचं होय. एक जंत नाही, जंताचं एक अंडं नाही. अन् तुम्ही तीन पायऱ्या चढले त दोनदा दम टाकला. ओठ पाहा कसे पांढरे झाले. हे तुमच्या पोटातून निघूच शकत नाही. खरं सांगा, कोनाचं आनलं?"

शेतकऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला, जमिनीकडे पाहिलं आणि शेवटी कबूल झाला. "लहान्या भावाचं. माहं काही चांगलं नव्हतं जी. डागदरच्या हातात द्यायचं, म्हनून घरातलं चांगलं पाहून आनलं."

त्या काळी आमच्याकडे शौचाचा नमुना रिकाम्या माचिसच्या डबीत आणायची पद्धत होती. खेड्यातला माणूस ती डबी कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून, एसटीत मांडीवर ठेवून आणायचा. आता एवढ्या मानानं आणायची वस्तू, तर ती घरातली सगळ्यात चांगली असावी असं त्याला वाटलं, तर त्याचं काय चुकलं?

तो बारकेला माणूस म्हणजे शालिकरामजी. ते हसले नाहीत. डबी बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "सोयऱ्याच्या घरी नेतानी चांगलं न्या. मले वाईटच पाहिजे. उद्या नवी डबी आना, अन् स्वतःची आना."

मग ते पडद्याच्या अलीकडे आले, माझ्याकडे पाहिलं आणि डावा डोळा मिटला.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, दहा वर्षं वसतिगृहात काढलेली मुलगी. डोळा मिटणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत काय करायचं, हे सिस्टरांनी आम्हांला व्यवस्थित शिकवलं होतं. मी स्टूल फिरवलं आणि पुढचे आठ दिवस त्यांच्याकडे पाठ करून बसले. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ते डॉक्टरसाहेबांकडे पाहूनही डोळा मिटतात, पोस्टमनकडे पाहूनही मिटतात, आणि भिंतीवरच्या गणपतीकडे पाहूनही मिटतात. पंचवीस वर्षं एका नळीच्या सूक्ष्मदर्शकात उजवा डोळा घालून बसल्यामुळे त्यांचा डावा डोळा, काहीही नीट पाहायचं म्हटलं की, आपोआप बंद व्हायचा. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. मोठ्यानं मागायची माझी पद्धत नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साकोलीत हायवेला लागून आमच्या डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता आणि त्याच्या बाजूच्या खोलीत ही प्रयोगशाळा. माझे बाबा साकोलीतच धानाचा व्यापार करत. नागपूरहून डिप्लोमा घेऊन आलेली पोरगी लग्नापर्यंत घरात बसण्यापेक्षा दवाखान्यात बसली तर बरी, असा हिशेब करून त्यांनी मला तिथं लावून दिलं होतं. शालिकरामजींकडे डिप्लोमा नव्हता. ते मूळचे मलेरियाच्या फवारणीवाले. जंगलातल्या गावांमधून पाठीवर पंप घेऊन हिंडायचं, तापकऱ्यांची बोटं टोचायची, काचा गोळा करायच्या. पुढे नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांना हाताशी धरलं आणि काचेत काय दिसतं ते शिकवलं. तेव्हापासून त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. काचा लक्षात राहत. बाजाराच्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या, मागे मलेरिया होऊन गेलेल्या माणसाला ते खिडकीतून हाक मारत, "या या, व्हायव्हॅक्स! औषध पूर्न केलं काय?" शाळेतले एक गुरुजी त्यांच्यासाठी कायमचे हुकवर्म गुरुजी होते. एका लग्नात त्यांनी वधूपित्याशी माझी ओळख करून दिली, "हे आपले अमीबा. पन आता सात वर्सं झाली, एकदम साफ." वधूपित्यानंही मोठ्या समाधानानं हात जोडले.

सूक्ष्मदर्शक पितळी होता, खाली एक लहानसा आरसा असलेला. वीज असायची तेव्हा असायची, म्हणून सगळं काम खिडकीतून येणाऱ्या उजेडावर. तो उजेड आरशात पकडायचा आणि काचेवर पाडायचा. खिडकीसमोर चिंचेचं झाड, आणि झाडाखाली बाजूच्या चहावाल्याची म्हैस. म्हैस उठून दोन पावलं सरकली की आमच्याकडे सूर्यास्त व्हायचा. मग आतून शालिकरामजींची गर्जना, "अबे, म्हैस सरकव! तिच्या मांगं मलेरिया आहे!" दवाखान्यात पहिल्यांदा आलेली माणसं हे ऐकून म्हशीपासून दहा हात लांबून जात. त्या म्हशीचं दूध बरेच दिवस खपलं नाही.

पण या सगळ्याच्या वर होतं ते त्यांचं 'कायच्यानं'.

रोग सापडला की दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत काम संपतं. शालिकरामजींचं तिथं सुरू व्हायचं. "थे त झालं," ते म्हणत, "पन कायच्यानं?" रोगाचं नाव म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पाहुण्याचं नाव. तो आला कुठून, त्याला दार कोणी उघडलं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पांढऱ्या ओठांचा तो शेतकरी दुसऱ्या दिवशी स्वतःची डबी घेऊन आला तेव्हाची चौकशी मी माझ्या कानांनी ऐकली आहे.

"रगत कमी आहे तुमचं. कायच्यानं? जंतानं. आकोडीवाला जंत, आतडीले लटकून रगत पिते. आता जंत कायच्यानं?"

"मले काय मालूम जी."

"पायातून शिरते. तुम्ही बांधीत अनवाणी जाता काय?"

"धानाच्या बांधीत बूट घालून कोन जाते, बाप्पा?"

"चप्पल?"

"चिखलात रुतून राहते."

"चिखल कायच्यानं?"

शेतकऱ्यानं वर आभाळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पानी येते न जी, वरून."

संध्याकाळी डॉक्टरसाहेब हातात कागद घेऊन आमच्या खोलीत आले. "शालिकराम, हा रिपोर्ट तुम्ही लिहिला?"

"हो जी."

"यात 'कारण' म्हणून 'पाऊस' लिहिलं आहे."

"शेवटी थेच निघालं, साहेब."

"उद्यापासून पावसाच्या अलीकडे थांबत जा," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि गेले. शालिकरामजी दुखावले. दोन दिवस ते रिपोर्टवर फक्त रोगाचं नाव लिहीत होते, तेही बारीक अक्षरात. तिसऱ्या दिवशी ते त्या शेतकऱ्याच्या गावाला सायकलनं जाऊन आले. माणसं सकाळी डबा घेऊन कुठं बसतात आणि तिथून बांधीला जायची पायवाट कुठून जाते, हे त्यांनी स्वतः पाहिलं. येऊन मला म्हणाले, "म्याडमबाई, वाट चुकली आहे लोकाइची. बसाची जागा अन् जायची वाट एकच. वाट हलवली त अर्धं गाव लाल होते." त्यांनी सरपंचांना पत्र लिहिलं. सरपंचांनी पुढल्या वर्षी ती वाट खरंच हलवली, कारण शालिकरामजी दर बाजाराला त्यांना भर रस्त्यात गाठून विचारत होते, की अजून हलवली कायच्यानं नाही.

मी त्यांच्यासाठी 'म्याडमबाई' होते. मी तोंड उघडत नाही, याचंही निदान त्यांनी पहिल्या महिन्यातच करून टाकलं होतं.

"तुमच्या तोंडात शब्द कमी. कायच्यानं?"

मी काचा पुसत राहिले.

"हास्टेलनं," त्यांनीच उत्तर दिलं. "दुखत नाही न? मंग ठीक आहे. काही गोष्टी वागवाव्या लागते."

त्यांचा एक नियम होता. ज्यानं लोकांना सुई टोचायची, त्यानं आधी स्वतःला टोचून घ्यायची. त्या नियमानं दुसऱ्याच आठवड्यात माझं बोट पुढे आलं. त्यांनी माझ्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, कडेनं व्हॅसलीन लावून बंद केली आणि कपाटात ठेवून दिली. "याले हवा मिळाली नाही पाहिजे," ते म्हणाले. "हवा तुटली का रगत आपला खरा गुन दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर ते सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते. म्हैस खिडकीसमोर नव्हती. ऊन स्वच्छ होतं. तरी ते आरसा पुन्हा पुन्हा हलवत होते. मग उठले आणि मला जागा दिली.

रक्ताच्या पेशी गोल असतात, टिकलीसारख्या. माझ्या काचेवर त्या गोल पेशींच्या मधूनमधून लांबट, वाकड्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार झालेल्या पेशी होत्या. धान कापायच्या विळ्यासारख्या. सिकल सेल. पुस्तकात मी हे चित्र पाहिलं होतं, त्याच्यावर परीक्षेत चार गुणांचं उत्तरही लिहिलं होतं.

"तुम्ही बिमार नाही," शालिकरामजी घाईनं म्हणाले. "हाडं दुखते काय? नाही. डोळे पिवळे होते काय? नाही. म्हंजे अर्धं आहे. पुरं राहते त इतक्या दिवसांत लपून राहिलं नसतं." त्यांनी माझा नमुना नागपूरला पाठवला. पंधरा दिवसांनी कागद आला. अर्धंच होतं.

अर्ध्यानं माणसाला काही होत नाही. शंभर वर्षं जगता येतं. पण नवरा-बायको दोघंही अर्धे असले, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता, की लेकराच्या वाट्याला पुरा आजार येईल. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुरा आजार म्हणजे काय, ते मात्र मंदानं दाखवलं.

मंदा सात वर्षांची होती. तिला दर दोन-तीन महिन्यांनी तिची आई पाठीशी बांधून आणायची. डोळे हळदीसारखे, गुडघे सुजलेले. ती रडत नसे. फक्त सांगायची, "हाडात कुत्रं चावून राहिलं." शालिकरामजी तिच्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून बसत आणि तिला खिशातून भाजलेल्या फल्लीचे दाणे एकेक करून देत. ते तिला कधीही व्हायव्हॅक्स किंवा आणखी काही म्हणाले नाहीत. तिचं नाव त्यांना पाठ होतं.

एकदा ती गेल्यावर मी आपणहून विचारलं. नोकरीतला तो माझा पहिला प्रश्न असावा. "शालिकरामजी, हा विळा कशानं?"

त्यांचा चेहरा असा उजळला, की इतके महिने आपण त्यांना का छळलं असं मला वाटलं.

"आईबापानं," ते म्हणाले. "आईबापाले त्याइच्या आईबापानं. असं मांगं मांगं जा. कुठं पोचता? जंगलात. मच्छराजवळ. नाकाडोंगरीच्या जंगलात मी फवारणीले होतो न, म्याडमबाई, तवाच पाहिलं. ज्याच्या रगतात अर्धा विळा, त्याले मलेरिया मारत नाही. बाकीची लेकरं गेली, हे वाचले, त्याइचीच पोरंबाळं झाली. रगतानं मच्छराच्या भेवानं विळा उचलला होता. थो अजून खाली ठेवाले विसरलं." मग म्हणाले, "याच्या पुढं मले जाता येत नाही. मच्छर कायच्यानं, हे देवाले विचारा लागन."

घरी मी यातलं काहीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे आमच्या भागातल्या कुठल्याही मुलीला विचारा. 'पोरीच्या रक्तात दोष आहे' एवढे चार शब्द बाहेर गेले असते, तर ते साकोलीहून भंडाऱ्याला एसटीच्या आधी पोचले असते. 'अर्धा' हा शब्द वाटेतच कुठंतरी उतरला असता. माझ्या पाठीवर लहान बहीण होती. आणि बाबांनी मुलं पाहायला सुरुवात केली होती. न सांगता लग्न केलं आणि नवराही अर्धा निघाला, तर एखाद्या दिवशी माझ्या पाठीवरही एक मंदा बांधलेली असेल, हे मला दिसत होतं. सांगितलं तर काय होईल, तेही दिसत होतं. तेव्हा मी पाहत राहिले. पाहणं मला जमतं.

त्याच हिवाळ्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली. बाजारात कापडाचं दुकान असलेल्या सुमनबाई धाकट्या मुलाचा ताप दाखवायला आल्या. पंचेचाळिशीच्या, मोठं कुंकू लावणाऱ्या, हसऱ्या बाई. त्या आल्या आणि शालिकरामजी उभे राहिले. ते कुणासाठी उभे राहत नसत. काच पाहिली, मलेरिया नाही असा रिपोर्ट लिहिला, कागदाची व्यवस्थित चौघडी घालून हातात दिला. "टायफाइड वाटते. डाक्टरसाहेबाले दाखवा," एवढंच बोलले. टायफाइड! विहीर, नाली, उघडी मिठाई, केवढं रान मोकळं होतं त्यांच्यासमोर! पण त्यांनी 'कायच्यानं' विचारलं नाही.

सुमनबाई जाताना पडद्यापाशी थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "हे सगळ्याइलेच कायच्यानं कायच्यानं करते म्हनते न? मले कधीच नाही विचारत." आणि हसून गेल्या. हसल्या खऱ्या, पण दारात एकदा वळून पाहिलंच.

माघात बाबांनी सांगितलं, रविवारी भंडाऱ्याहून मुलगा येतो आहे. पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. मी शनिवारी शालिकरामजींना, उद्या मी काचा धुवायला येणार नाही, असं सांगितलं. कारण त्यांनी विचारलं नाही. बाबांनीच त्यांना सांगितलं असावं. ते बराच वेळ एकच काच पुसत होते.

"पोराले सांगान काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"नका सांगू बोलून. आयका." त्यांनी काच ठेवली आणि दुसरी पुसायला घेतली. "माहं लग्न जुळलं होतं. सुमनबाईसंगं. साखरपुडा झाला, तारीख निघाली. अन् मी नागपूरहून हे विळ्याचं नवीनच शिकून आलो होतो. जो भेटन त्याचं बोट टोचत होतो. आधी माहंच टोचलं. अर्धं निघालं. मंग तिच्या घरी तापाच्या साथीत गेलो, त सगळ्याइचं घेतलं. तिचंही अर्धं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काचेकडेच पाहत होते.

"तिच्या बापाले सांगतो, त पोरगी जन्माची घरात बसली असती. म्हनून मीच म्हनलं, माहं मन नाही. लोकाइनं लई शिव्या देल्या. पन एक पाहिलं, म्याडमबाई. 'मन नाही' म्हनलं का पुढं कोनी कायच्यानं विचारत नाही."

"आणि त्यांचं लग्न?" माझ्या तोंडून निघालं.

"झालं न. आंधळगावचा पोरगा. मले झोप नाही. हाही अर्धा निघाला त? मी पंप घेतला, काचा घेतल्या अन् गेलो. मलेरियाची तपासनी म्हनून सांगितलं. त्याच्या एका बोटासाठी अख्खी गल्ली टोचली. ताप कोनालेच नव्हता." पहिल्यांदा ते जरा हसले. "साफ होता पोरगा. एकदम टिकलीसारखं गोल रगत. मंग मी घरी येऊन जेवलो."

त्यांनी पुसलेली काच उजेडात धरली. "चार लेकरं झाली. चौघाइचंही पाहिलं मी, तापाच्या नावानं. दोन साफ, दोन अर्धे. पुरं कोनीच नाही."

त्यांनी पुढे दुसरीकडे लग्न का केलं नाही, हे मी विचारलं नाही. त्यांच्या घरी मी एकदा गेले होते. एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीला लागून ओळीनं रचलेली काचांची खोकी.

"पन चुकलंच माहं," ते म्हणाले. "तिले विचाराले पाहिजे होतं. बोट तिचं होतं. मीच पाहिलं, मीच ठरवलं अन् मीच कागद बंद केला. तिले अजून वाटते, तिच्यात काही कमी होतं म्हनून मी नाही म्हनलं. पंचवीस वर्सं झाली असन. आता काय सांगू? लेकरं मोठी झाली." मग त्यांनी काचांची पेटी बंद केली. "मी कोनाले सांगनार नाही. तुमचं बोट, तुमचा सवाल. जा आता, उशीर झाला."

रविवारी सकाळी पाहुणे आले: मुलगा, त्याची आई आणि मामा. पोरीकडून दवाखान्यातलं कोणीतरी वजनदार माणूस असावं, म्हणून बाबांनी डॉक्टरसाहेबांना बोलावलं होतं. ते ऐनवेळी नागपूरला गेले आणि त्यांच्या जागी शालिकरामजींना पाठवलं. माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. त्यांना स्वयंपाकघराच्या दारात गाठून तिनं बजावलं, "भाऊजी, तुमच्या पाया पडते. आज कोनालेच कायच्यानं विचारू नका."

"नाही विचारनार," शालिकरामजी म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि मांडीवर पोह्यांची बशी घेऊन ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

पण पाहुण्यांकडचे मामा म्हणजे चालतंबोलतं संकट होतं. बसल्या बसल्या ते तीनदा खोकले. शालिकरामजींची मान वर आली. त्यांनी पोह्यांचा एक मोठा घास तोंडात कोंबला. मामा म्हणाले, "मला चहा बिनसाखरेचा." दुसरा घास. मामा एकामागून एक तीन ग्लास पाणी प्यायले आणि त्यांनी डावा पाय चपलेतून काढून अंगठ्याजवळची जुनी जखम खाजवली. शालिकरामजींची बशी संपली. आईनं काही न विचारता पुन्हा भरून दिली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या लग्नासाठी एवढे कष्ट त्या दिवशी दुसऱ्या कोणीही घेतले नाहीत.

"मुलगी कामाला कशी आहे?" मामांनी त्यांनाच विचारलं.

शालिकरामजींनी घास गिळला. "नजर साफ आहे," ते म्हणाले. "जे दिसते थेच लिहिते."

"बोलत नाही वाटते फार?" मुलाची आई म्हणाली.

"लाजते," बाबा लगेच म्हणाले.

मी चहाचे कप गोळा करत होते. मुलगा सावळा, नीटस, जरा घाबरलेला होता. त्यानं घसा साफ केला. त्याला माझं इंग्रजी ऐकायचं असावं, कारण आधी त्यानं माझे छंद इंग्रजीतून विचारले आणि मी 'रीडिंग' म्हणाले. मग इंग्रजी तिथंच संपलं. तेव्हा तो मराठीत म्हणाला, "तुम्हांला काही विचारायचं असेल तर विचारा."

सगळे हसले, कारण तो प्रश्न मुलींना उत्तरासाठी विचारत नसतात. दाराच्या फटीतून धाकट्या बहिणीचा एक डोळा दिसत होता. बाबा माझ्याकडे पाहून मान हलवत होते, की नाही म्हण आणि आत जा. मी शालिकरामजींकडे पाहिलं. त्यांनी बशी खाली ठेवली होती आणि ते खिडकीबाहेर रस्त्याकडे पाहत होते. एका शब्दानं त्यांना मदत करता आली असती. त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले होते.

मी कपांचा ट्रे टेबलावर ठेवला.

"माझ्या रक्तात सिकल सेलचा अर्धा दोष आहे," मी म्हणाले. "मी आजारी नाही आणि होणारही नाही. पण तुमच्यातही तो असला, तर आपल्या मुलांना भोगावं लागेल. तुमच्या बोटातून एक थेंब घ्यायला मला दोन मिनिटं लागतात. घेऊ का?"